मुद्दाम वाकडे टाके

ऐकताय ना? मी गोधडी बोलतेय. इकडेतिकडे काय बघताय, पलंगाच्या पायथ्याशी घडी घालून ठेवली आहे ना, तीच मी. अंगावर घेताना आमच्याशी कुणी बोलत नाही, आणि घडी घातल्यावर तर ढुंकूनही बघत नाही. पण आज घरात कुणी नाही, तुम्ही आयते सापडलात, आणि मला बोलायचा हुरूप आलाय. तेव्हा टेका जरा. फार वेळ घेणार नाही. म्हणजे, थोडा घेईनच.

आधी माझ्या अंगावरून हात फिरवून बघा. मधला भाग बघा, तांदळाच्या दाण्यांसारखे बारीक टाके, सगळे एका रेषेत. आता कडेकडे या. कसे वाटतात? एक आखूड, एक लांब, एक पूर्वेला तर दुसरा पश्चिमेला. बघणारे नाक मुरडतात. "शिकाऊ हाताचं काम दिसतंय," म्हणतात. अहो, शिकाऊ कसलं! नऊ जणींनी मिळून शिवलंय ते, आणि त्यातल्या आठ जणींनी अक्षरशः घाम गाळून ते वाकडं केलंय. त्याचीच तर हकिकत सांगायची आहे.

मला जिने जन्म दिला ती कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायची. एकतीस वर्षं. कापडाचे चाळीस थर एकावर एक रचायचे आणि एका दमात कापायचे. वरच्या थरात आणि खालच्या थरात केसाएवढाही फरक पडता कामा नये. तिथे सगळे तिला मास्तरीण म्हणत, आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव तिला चिकटून राहिलं. कारखान्यात नव्या कापडाचे नमुने यायचे, हातरुमालाएवढे. काम झालं की ते कचऱ्यात जायचे. मास्तरीण ते उचलून घरी आणायची. अशी दोन पोती तिच्या माळ्यावर भरली होती. त्या पोत्यांतून मी निघाले.

तीनशे मशिनांच्या खडखडाटात आयुष्य काढल्यावर माणसाला काय हवं असतं? शांतता, दुसरं काय! मास्तरणीने खिडकीजवळ खुर्ची ओढली, पायाखाली स्टूल घेतलं, मला मांडीवर घेतलं आणि शिवायला लागली. खोलीत एक घड्याळ, एक पंखा आणि आम्ही दोघी. दाराची बेल वाजली तरी तिच्या कपाळाला आठी पडायची.

गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं. त्याच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी आठ बायका गोधड्या शिवायला जमत. समोरच्या घरातली बेकरीवाली त्यांच्यातलीच एक. अंगाने आडवी, हसायला लागली की सगळी हलायची. दर बुधवारी ती पाव द्यायला यायची आणि दारातूनच विचारायची, "मास्तरीणबाई, उद्या येताय ना?"

"नको गं. तिथे सुईपेक्षा जिभा जास्त चालतात."

"मग काय झालं? जीभ चालली की हात आपोआप चालतो."

"तुझा चालत असेल," असं म्हणून मास्तरीण दार लावून घ्यायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही, असला स्वभाव.

पण एक सांगू? ते एकटेपणाचे दिवस वाईट नव्हते बरं का. कुणी म्हणेल, बिचारी एकटी. बिचारी-बिचारी काही नव्हती ती. शिवताना माझ्याशी बोलायची. हा निळा चौकडा आला त्या आठवड्यात लेकीला गोवर आला होता. हा पिवळा कापला त्या दिवशी मालकाशी कडाक्याचं भांडण झालं आणि पहिल्यांदा आपण मागे हटलो नाही. एकेका तुकड्याची कहाणी माझ्या पोटात गेली. चारचौघींत बसून ती हे कुणाला सांगणार होती? माझ्या मधल्या भागात जी ऊब आहे ना, ती त्या शांत दुपारांची आहे. तिचे उपकार मी विसरायची नाही.

मी होते तिच्या लेकीसाठी. लेक नर्स. शहराच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्याच्या वसतिगृहात राहायची आणि रविवारी आईकडे यायची. सहा वर्षं एका जागेची वाट बघत होती, डोंगरातल्या छोट्या दवाखान्यात मुख्य नर्सची जागा. गाव लांबचं, थंडी हाडं गोठवणारी. शेवटी एका रविवारी ती पत्र नाचवत आली. तीन महिन्यांनी रुजू व्हायचं होतं.

"जाताना ही घेऊन जाशील," मास्तरीण मला थोपटत म्हणाली. "तुझ्या त्या थंडीचं काही चालायचं नाही हिच्यापुढे."

लेकीने आईच्या गळ्यात हात टाकले. आणि मास्तरणीने आपला उजवा हात हळूच माझ्याखाली सरकवला.

का, ते मला एकटीलाच माहीत होतं. तो हात थरथरायचा. दीड वर्षापासून. आधी नुसतं बोट, मग मनगट, मग सुई धरली की थेट कोपरापर्यंत. रविवारी लेक यायच्या आधी मास्तरणीची केवढी तयारी! आपला कप अर्धाच भरायचा आणि "गारठलेय गं" म्हणत दोन्ही हातांनी धरायचा. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. सही करायची वेळ आली की चष्मा सापडायचा नाही. लेक जन्मभर लोकांचे हात हातात धरणारी, तिच्यापासून हे लपवायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

लपवायचं कारण साधं होतं. हात दिसला असता तर लेकीने ती जागा त्याच दिवशी सोडली असती आणि पथारी आईच्या खोलीत टाकली असती. मास्तरणीला ते मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. "सहा वर्षं थांबली गं पोर," मला म्हणायची, "माझ्या एका हातापायी तिने पुन्हा थांबायचं?"

आणि मी? मी वाढेचना! मधला भाग झाला होता, कडेच्या बारा ओळी राहिल्या होत्या. मास्तरीण दुपारभर एक ओळ शिवायची, उजेडात धरून बघायची, टाके नागमोडी दिसले की ओठ आवळून सगळी ओळ उसवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकच ओळ तिने अकरा वेळा शिवली आणि अकरा वेळा उसवली. माझ्या कापडाची चाळण झाली हो! मला दुखायचं, पण त्याहून वाईट वाटायचं ते तिच्या तोंडाकडे बघून. गोधडी अर्धी राहिली तर लेक विचारणार, का राहिली. वाकडी झाली तर विचारणारही नाही, सरळ हातच धरणार. दोन्हीकडून कोंडी.

एक महिना उरला तेव्हा मास्तरणीने मला पिशवीत कोंबलं आणि गुरुवारी दुपारी वाचनालयाचा जिना चढली. तिचा बेत असा की, वेळ कमी आहे म्हणून सांगायचं, गोधडी त्यांच्या हवाली करायची, चष्मा विसरला म्हणून आपण नुसतं बसायचं.

खोलीत चार टेबलं जोडून ठेवली होती. मला त्यांच्यावर पसरलं आणि माझ्या कडा सगळ्यांच्या मांड्यांवर आल्या. बाप रे, काय तो गलका! एकाच वेळी तीन गोष्टी चालू, एकीची चौथ्यांदा बदललेली कामवाली, दुसरीचा दात, तिसरीचा जावई. शांततेत वाढलेली मी, माझं तर डोकंच उठलं.

"मी चष्मा विसरले," मास्तरीण म्हणाली. "तुम्ही शिवा, मी बसते."

टेबलाच्या टोकाला कंडक्टरबाई बसल्या होत्या. चौतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेल्या. आवाज असा की दोन थांबे पलीकडे जावा. त्यांनी पिशवीतून चष्म्यांचा डबाच काढला. "इथे सहा आहेत. घाल बघू एकेक. आणि हे बघ, इथे नुसतं कुणी बसत नाही. जी टेबलाला लागेल ती टाके घालेल. आणि घातलेला टाका उसवायचा नाही, आपला नाही नि दुसरीचा तर नाहीच नाही. उसवलं तर महिनाभर सगळ्यांचा चहा करायचा."

पळवाट राहिली नाही. मास्तरणीने चष्मा चढवला, हात माझ्या काठाखाली लपवला, खाली मान घातली आणि मांडीवरच्या मांडीवर शिवायला लागली. शेजारी बेकरीवाली. तिच्या जावयाची गोष्ट रंगात आली होती, सगळ्या हसत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. मास्तरणीने अख्खी वीत शिवली.

मग बेकरीवाली चहा ओतायला उठली. आणि तिच्याबरोबर मीही उठले!

एका कडेने मी टेबलावरून घसरले, कात्र्या, रिळं, टाचण्यांचा डबा घेऊन. बेकरीवालीचा घेरदार झगा आणि मी, दोघी पक्क्या एकत्र शिवल्या गेलो होतो. क्षणभर कुणाला काही कळेना. मग जो हशा पिकला! एकीला ठसका लागला. चित्रकलेच्या बाई, एरवी फार शिस्तीच्या, त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मी एकदा स्वतःलाच शिवलं होतं. बस गेली माझी."

"थांब, हलू नकोस," म्हणत कंडक्टरबाई कात्री घेऊन खाली वाकल्या. टाक्यांना धक्का न लावता झगाच कापून सोडवताना त्यांनी ते टाके जवळून पाहिले. मग माझा काठ उलटला. अकरा वेळा उसवलेल्या ओळीवरची भोकं पाहिली. मग मास्तरणीच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं.

"कधीपासून गं?" त्यांनी विचारलं. तो आवाज दोन थांबे पलीकडे जाणारा नव्हता.

मास्तरीण ताडकन उठली, मला ओढायला लागली. "द्या इकडे. चूक झाली माझी, यायलाच नको होतं." पण हात इतका थरथरत होता की तिला मला नीट धरताही येईना. आणि मग जी बाई चाळीस थर एका दमात कापायची, ती मला तोंडाशी धरून सगळ्यांसमोर रडली. रडता रडता सगळं सांगून टाकलं, लेक, जागा, सहा वर्षं.

"लेकीला सांग," कंडक्टरबाई म्हणाल्या. "अशा गोष्टी लपत नसतात."

"ती गेल्यावर सांगेन."

"मला पटत नाही."

"तुम्हाला पटवायला आले नाहीये मी!"

शेवटी कंडक्टरबाईंनी सुस्कारा टाकला. "गोधडी तुझी, लेक तुझी. पण हे टाके तिला दिसणार, त्याचं काय? नियम म्हणजे नियम. उसवायचं नाही."

आणि तेव्हा बेकरीवाली, फाटक्या झग्याचा घेर हातात धरून, बोलली. "नका ना उसवू. आपण सगळ्याच वाकडं शिवू! इतक्या वाकड्यांत हिचे कोण शोधतंय?"

तुम्हाला वाटेल, वाकडं शिवणं काय, कुणालाही जमेल. छे हो! जन्मभर सरळ शिवलेल्या हातांना वाकडं शिवायला सांगून बघा एकदा. दोन टाके वाकडे पडायचे, तिसरा आपसूक सरळ. चित्रकलेच्या बाईंची तर दैना झाली. "माझा हात ऐकतच नाही," म्हणून त्या रडकुंडीला आल्या, आणि शेवटी सुई डाव्या हातात धरली. एक जण खिडकीबाहेर बघत शिवायची आणि दर मिनिटाला "आई गं!" ओरडायची. कंडक्टरबाई चालत्या बसमध्ये आहोत असं समजून पाय हलवत शिवायच्या. बेकरीवालीला मुद्दाम काही करावंच लागलं नाही. हसून हसून तिचे टाके आपोआप हलत होते.

आणि मास्तरीण त्यांच्यामध्ये बसून शिवत होती. मान वर करून. पहिल्यांदाच तिने हात माझ्याखाली लपवला नाही. चार गुरुवारांत बारा ओळी पुऱ्या झाल्या. त्या गलक्याला मी आधी नावं ठेवली होती. पण शेवटच्या गुरुवारी दोरा तोडला तेव्हा मला चक्क वाईट वाटलं.

लेक जायच्या आदल्या रविवारी मास्तरणीने मला पलंगावर पसरलं. लेक खूश झाली, मग कडेकडे बघून हसली. "हे काय गं?"

"अगं, वेळ नव्हता. गुरुवारच्या बायकांनी हातभार लावला. त्यांचा हात जरा असाच आहे."

लेक माझ्याजवळ बसली आणि तिने बोटं फिरवायला सुरुवात केली. नर्सची बोटं ती, नाडी शोधणारी. एका ओळीवर बोट थांबलं. "हे डाव्या हाताने शिवलंय, दोऱ्याचा कल उलटा आहे." पुढे सरकलं. "हे न बघता." आणखी पुढे. मग ते बोट एका वितीवर गेलं आणि तिथेच राहिलं. बराच वेळ.

"आई, हात दे."

"कशाला?"

"दे ना."

मास्तरणीने हात पाठीमागे घेतला. मग, का कोण जाणे, पुढे केला. लेकीने तो दोन्ही हातांत धरला. तिच्या हातांतही तो थांबला नाही.

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष! मी दर रविवारी इथे येते, आई. मी नर्स आहे. माझ्यापासून लपवलंस?" लेक इतकी चिडली होती की तिचा आवाज चिरकला. "मी नाही जाणार. उद्या सकाळी कळवते त्यांना."

"म्हणूनच नाही सांगितलं," मास्तरीण म्हणाली आणि पलंगावर बसली.

दोघी माझ्यावरच बसल्या होत्या, दोन टोकांना, एकमेकींकडे पाठ करून. मग लेकीने माझी कड पुन्हा ओढून घेतली. "आणि या बाकीच्यांचं काय? या सगळ्यांचे हात बिघडलेत का?"

"नाही गं. त्यांनी मुद्दाम केलं."

"मुद्दाम?"

"माझे टाके उठून दिसू नयेत म्हणून." आणि मग मास्तरणीने सगळं सांगितलं, झग्यापासून डाव्या हातापर्यंत. लेक ऐकता ऐकता हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. माझ्यात तोंड खुपसून रडली. ते ओले डाग दुसऱ्या दिवशी वाळले, पण मला ते अजून आठवतात.

लेकीने त्या लोकांना कळवलं खरं, पण एवढंच की आठवडाभर उशिरा येते. त्या आठवड्यात आईला डॉक्टरकडे नेलं, औषधं सुरू केली. आणि गुरुवारी वाचनालयाचा जिना चढून ती टेबलापाशी उभी राहिली.

"मावशी, माझ्यामागे आईकडे लक्ष द्याल?"

"लक्षबिक्ष काही देणार नाही आम्ही," कंडक्टरबाई म्हणाल्या. "कामाला जुंपणार आहोत तिला. रंग जुळवायची अक्कल इथे एकीलाही नाही."

शनिवारी लेक निघाली. मी तिच्या बॅगेत सगळ्यात वर होते.

आता तीन हिवाळे झाले मला इथे. थंडी म्हणजे थंडी आहे हो, खिडकीच्या काचेवर सकाळी बर्फाची साय धरते. पण लेक माझ्याखाली शिरली की दोन मिनिटांत तिचे पाय गरम होतात, आणि मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटतं. मधल्या भागाने ऊब दिली की कडेच्या भागाने, हे मला विचारू नका. एकटीने शिवलं ते माझं, नऊ जणींनी शिवलं तेही माझं. मला दोन्हींचं ऋण आहे आणि ते मिरवायला मला आवडतं.

मास्तरणीचा हात थांबलेला नाही, औषधाने जरा ताळ्यावर आलाय इतकंच. लेक दर गुरुवारी फोन करते. तिकडे फोन टेबलाच्या मध्यावर ठेवतात आणि सगळ्या एकदम बोलतात, लेकीला काहीएक कळत नाही. परवाच्या गुरुवारी असाच गलका चालू होता आणि त्यात आईचा आवाज येईना. एक मिनिट झालं, दोन झाली. लेकीची माझ्यावरची पकड घट्ट झाली, ती मला बरोबर कळली.

"आई कुठाय?" ती ओरडली. "आईला द्या आधी!"

गलका थांबला. मग कंडक्टरबाईंचा आवाज आला, फोनशिवायही इथवर पोचला असता असला. "अगं, ती काय, इथेच आहे. पण रंग जुळवतेय, म्हणतेय आत्ता वेळ नाही, मग कर फोन."

लेक फोनकडे बघतच राहिली. सहा वर्षं वाट बघून मिळालेली जागा जिच्यासाठी सोडायला निघाली होती, त्या आईला तिच्याशी बोलायला वेळ नव्हता! मग ती जी हसत सुटली, ती रात्री मला पांघरूनही हसतच होती, आणि हसता हसता तशीच झोपली. तीन वर्षांत अशी गाढ झोपलेली मी तिला पाहिलं नव्हतं.

तर असं आहे माझं. तुमच्या शेजारी कुणी दार लावून एकटीच शिवत बसली असेल, तर तिला बिचारी म्हणू नका. पण बुधवारी दारावर थाप मात्र मारा, आणि तिने नाही म्हटलं तर पुढच्या बुधवारी पुन्हा मारा. एवढंच मागणं.

जिन्यावर बूट वाजतायत. कामावरून आली वाटतं पोर, दमली असेल. आता तिला मला उलगडू द्या, तुम्ही निघा.